वेडेपणाची वहिवाट

इटलीतल्या गुब्बियो गावच्या शर्यतीचा निकाल शर्यतीआधीच सगळ्या गावाला पाठ असतो. पहिला संत उबाल्दो, दुसरा संत जॉर्ज, तिसरा संत अँथनी. गेल्या वर्षीही हाच निकाल होता आणि पुढल्या वर्षीही हाच लागणार, कारण वाटेत कुणी कुणाला ओलांडायचं नाही हा नियमच आहे. तरीही दर वर्षी १५ मे रोजी पिवळ्या, निळ्या आणि काळ्या सदऱ्यांतली, कमरेला लाल पट्टे बांधलेली माणसं जिवाच्या आकांताने डोंगर चढत धावतात. आणि खाली उतरल्यावर कोण कसं धावलं यावरून भांडतात.

धावायचं ते मोकळ्या हातांनी नव्हे. ‘चेरो’ म्हणजे चार-पाच मीटर उंचीचा, तीनशे किलोंच्या आसपास वजनाचा लाकडी खांब. त्याच्या टोकावर संताची इवलीशी मूर्ती असते. उबाल्दोचा चेरो गवंड्यांचा, जॉर्जचा व्यापारी-कारागिरांचा, अँथनीचा शेतकऱ्यांचा. भर दुपारी बाराला चौकात हे तिन्ही खांब उभे करतात. त्या वेळी प्रत्येक चेरोचा म्होरक्या मातीच्या सुरईतलं पाणी खांबाच्या बुडाशी ओततो आणि रिकामी सुरई गर्दीत भिरकावतो. एरवी अंगावर सुरई आली तर माणूस बाजूला होतो. इथे लोक तिच्याकडे झेपावतात, कारण फुटक्या सुरईचा तुकडा घरात असणं शुभ.

संध्याकाळी खरी धावपळ. गल्लीबोळांतून, चौकात तीन प्रदक्षिणा घालून, डोंगरमाथ्यावरच्या उबाल्दोच्या देवळापर्यंत. नंबर ठरलेलाच असल्यामुळे चुरस बाकीच्या गोष्टींत: चेरो कुठे पडला का, किती कलला, दोन चेरोंमध्ये अंतर किती राहिलं. शेवटचा अंक देवळाच्या दाराशी. उबाल्दोची माणसं आधी आत शिरतात आणि जॉर्ज पोचायच्या आत दार लावून घ्यायला बघतात. एका संताने दुसऱ्या संताच्या तोंडावर दार आपटावं म्हणून भाविकांनी घाम गाळायचा, असा हा धार्मिक सोहळा आहे.

उबाल्दोचा पहिला मान निर्विवाद. हा गुब्बियोचा बिशप, १६ मे ११६० रोजी वारला. ११५५ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा स्पोलेतो शहर बेचिराख करून आला, तेव्हा उबाल्दो त्याला सामोरा गेला आणि गाव वाचलं, असं परंपरा सांगते. तेव्हापासूनची कृतज्ञता इतकी कडक, की पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, डोलोमाइट पर्वतातल्या कोल दि लाना आघाडीवर असलेल्या गुब्बियोच्या सैनिकांनी तिथेही चेरो करून धाव घेतली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या जेसप गावी स्थलांतरित होऊन गेलेल्यांनी तिन्ही संत सोबत नेले. खुद्द उंब्रिया प्रांताच्या झेंड्यावर हेच तीन चेरो आहेत.

गुब्बियो याच उंब्रियात, इंजिनो डोंगराच्या उतारावर बसलेलं आहे. रोम-आंकोना मार्गावरच्या एका स्टेशनच्या पाटीवर गुब्बियोचं नाव दिसतं. प्रवासी आनंदाने बॅगा घेऊन उतरतो, तेव्हा गाव वीस किलोमीटरवर असल्याचं कळतं. नाव मोठं फोस्सातो दि वीकोचं, गुब्बियो त्याला मागून जोडलेलं. पुढे बस.

बसमधून उतरलं की गाव एका नजरेत मावतं, कारण ते आडवं पसरलेलं नसून उभं टांगलेलं आहे. १४व्या शतकात गावकऱ्यांना भव्य चौक हवा होता, तोही गावाच्या चारही वाड्यांच्या हद्दी जुळतात तिथेच, म्हणजे कुणाला रुसायला जागा नको. त्या ठिकाणी सपाट जमीन नव्हती. अशा वेळी शहाणे लोक जागा बदलतात. गुब्बियोकरांनी प्रचंड कमानी बांधून जमीनच उचलून घेतली. या अधांतरी चौकाच्या एका कडेला पालाझ्झो देई कोन्सोली हा राजवाड्यासारखा देखणा नगरवाडा आहे. समोरचा जोडीदार वाडा मात्र अर्धाच राहिला.

नगरवाड्यात गुब्बियोचं सगळ्यात मोठं धन ठेवलंय: ब्राँझचे सात पत्रे. लॅटिनच्या दडपणाखाली नामशेष झालेल्या उंब्रियन भाषेतला हा सर्वांत मोठा मजकूर, ख्रिस्तपूर्व शतकांतला. भाषाशास्त्रज्ञांनी त्यावर आयुष्यं घालवली. १४५६ साली गावाने हे पत्रे ज्याच्याकडून घेतले, त्याला किंमत म्हणून दोन वर्षांचा चराईचा हक्क दिला. व्यवहारात कोण फसलं हे तेव्हाच्या गुरांना ठाऊक.

पत्र्यांवर काव्य नाही, तत्त्वज्ञानही नाही. आहे ती शुद्ध पूजाविधीची पोथी. पक्षी कुठल्या बाजूने उडाले तर शुभ, कुठल्या वेशीबाहेर कुठला पशू बळी द्यायचा, लोकांभोवती तीन फेऱ्या कशा घालायच्या, शेजारच्या कुठल्या लोकांना हद्दीबाहेर घालवायचं. आणि विधीत कुठे खोट राहिली, तर मुकाट्याने वेशीपाशी परत येऊन पुन्हा पहिल्यापासून. पुरोहितांची ही शिस्त गावाच्या अंगात अजून मुरलेली दिसते.

लांडग्याशीही गुब्बियोने रीतसर करार केला. तेराव्या शतकात एका लांडग्याने गावाला सळो की पळो करून सोडलं होतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने त्याला गाठून समज दिली आणि तोडगा काढला: लांडग्याने कुणाला खायचं नाही, गावाने त्याला उपाशी ठेवायचं नाही. लांडग्याने पंजा संताच्या हातात ठेवून मान्यता दिली. मग पुढची दोन वर्षं, म्हातारा होऊन मरेपर्यंत, हा माजी नरभक्षक घरोघरी वार लावून जेवणाऱ्या माधुकरी विद्यार्थ्यासारखा सभ्यपणे फिरला. ही झाली कथा. पण १८७२ साली इथल्या एका छोट्या चर्चच्या दुरुस्तीत फरशीखाली लांडग्याचा सांगाडा सापडल्याचं सांगतात, तेव्हापासून शंकेखोरांचा आवाज जरा खाली आला.

जुन्या घरांना दोन-दोन दारं दिसतात. एक नेहमीचं, दुसरं अरुंद आणि रस्त्यापासून वर. हे ‘मृताचं दार’. घरातली शवपेटी यातून काढायची आणि मग ते बंद करून टाकायचं, म्हणजे मरण परत त्या वाटेने यायला नको, असं लोक सांगतात. अभ्यासक म्हणतात, हे वरच्या मजल्याच्या जिन्याचं साधं दार असावं. पर्यटक दोन्ही ऐकतात आणि फोटो पहिल्या गोष्टीचा काढतात.

गुब्बियोत जन्मलेल्या ड्यूक फेदेरिको दा मोंतेफेल्त्रोच्या इथल्या महालात त्याची अभ्यासिका होती. लाकडाचे तुकडे जडवून सपाट भिंतीवर अर्धी उघडी कपाटं, पुस्तकं, वाद्यं यांचा हुबेहूब भास त्यात केला होता. मूळ अभ्यासिका १९३९ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या मालकीची आहे. गुब्बियोत आता तिची नक्कल दिसते, म्हणजे खोट्या कपाटांची खोटी खोली.

गावाबाहेरच्या बोत्ताच्चोने घळीत मात्र मामला अस्सल आहे. तिथल्या चुनखडकाच्या थरांमध्ये जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची मातीची रेघ आहे. ती साठायला किती काळ लागला, हे भूवैज्ञानिक वॉल्टर अल्वारेझला हवं होतं. त्याचे वडील लुई, भौतिकशास्त्रातले नोबेल विजेते, म्हणाले, अशनींच्या धुळीतून पृथ्वीवर येणारं इरिडियम मोजून पाहा. ते अपेक्षेच्या तीसपट निघालं. त्यातून १९८० साली सिद्धान्त आला: ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवर अशनी आदळला आणि डायनोसॉर संपले. या खटल्यातला दुसरा संशयित मराठी माणसाच्या ओळखीचा आहे: त्याच सुमारास लाव्हा ओकणारं दख्खनचं पठार. सह्याद्रीचा काळा कातळ हा त्याचाच ऐवज. गुब्बियोची रेघ अशनीकडे बोट दाखवते, पण शास्त्रज्ञांच्या एका गटाने आपल्या कातळाला अजून निर्दोष सोडलेलं नाही.

उबाल्दोच्या दर्शनाला पायी न जाणाऱ्यांसाठी रोपवे आहे. तो थांबत नाही. प्रवाशाने जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, मागून लोखंडी पिंजरा येतो, कर्मचारी हाताला धरून आत ढकलतो आणि दार लावतो. पिंजऱ्यात दोघंच मावतात, तीही उभ्याने. खालची कौलं लहान होत जातात तसा वर काचपेटीत निजलेल्या संतावरचा विश्वास वाढत जातो.

डिसेंबरात याच डोंगरावर जगातलं सर्वांत मोठं ख्रिसमस ट्री उभं राहतं. त्यात झाड नाही. उतारावर अंथरलेल्या शेकडो दिव्यांनी साडेसहाशे मीटरहून उंच झाडाची आकृती काढायची, टोकाला तारा. १९८१ पासून गावातले स्वयंसेवक वायरी ओढत डोंगर चढतात. १९९१ साली गिनीज बुकाने दखल घेतली. २०११ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी व्हॅटिकनमध्ये बसून टॅब्लेटवर बोट टेकवलं आणि इकडे डोंगर उजळला.

एवढं सगळं पाहून झालेल्याने शेवटी बार्जेल्लोच्या कारंज्यापाशी जावं. या कारंज्याभोवती तीन फेऱ्या धावत मारल्या, की माणूस अधिकृत वेडा ठरतो आणि त्याला तसा परवाना मिळतो, नावानिशी. अट एकच: साक्षीला आणि डोक्यावर पाणी शिंपडायला अस्सल गुब्बियोकर हवा. स्वतःच्या हिंमतीवर वेडं होता येत नाही. फेऱ्या मोजताना घोळ झालाच, तर काय करायचं ते वर नगरवाड्यातल्या ब्राँझच्या पत्र्यांवर लिहून ठेवलेलं आहे.