पिल्लाची घाई आणि दफ्तराची सवड
अंड्यातून पिल्लू बाहेर येण्यास एकवीस दिवस लागतात आणि ब्रॉयलर जातीचे पिल्लू साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचे होऊन बाजारास लागते, ही सृष्टीची शिस्त सरकारी दफ्तरास मान्य नसावी. कारण नोकरीमागे न धावता कुक्कुटपालन करावे, हा व्यासपीठावरील उपदेश प्रमाण मानून जो होतकरू तरुण कचेरीची पायरी चढतो, त्याच्याकडे सातबारा, आठ-अ, ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला आणि प्रकल्प अहवाल मागून घेतल्यावर कारकून प्रसन्न मुद्रेने 'साहेब दौऱ्यावर आहेत' असे सांगतो. 2021 साली नव्याने आखलेल्या राष्ट्रीय पशुधन अभियानात ग्रामीण कुक्कुटपालनास भांडवली खर्चाच्या निम्मे, कमाल 25 लाखांपर्यंत, अनुदान आहे, हे औदार्य वंदनीयच; मात्र उरलेल्या निम्म्यासाठी बँक तारण मागते, आणि तारणाजोगी इस्टेट ज्याच्यापाशी असते, तो सहसा कोंबड्या पाळावयास येत नाही. अशा माघारी फिरलेल्यास मग करारावर कोंबड्या वाढवून घेणारी कंपनी गाठते: पिल्ले, खाद्य व औषधे तिची, शेड, वीज, पाणी आणि पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे 35 अंशांची ऊब राखण्यासाठीचे जागरण याचे, मोबदला किलोमागे ठरलेला. स्वतःच्याच शेडमध्ये मजुरी करणाऱ्या या इसमाची अहवालात नोंद मात्र यशस्वी उद्योजक म्हणून होते. सबब, उपदेशाचे दोन कार्यक्रम कमी करून सरकारने या पोरांच्या कर्जास स्वतः जामीन राहावे. कोंबड्या सांभाळण्याची अक्कल त्यांना आहे.