ऐकू न येणाऱ्या शिट्टीच्या मालकांस

टीव्हीच्या जाहिरातीत छुपा संकेत दडवणाऱ्या आणि तो टिपणारं सॉफ्टवेअर लोकांच्या मोबाइलमध्ये घुसवणाऱ्या समस्त मंडळींस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार घालायची रीत आहे. पण आमच्या घरात शिरताना तुम्ही दार वाजवलं नाहीत, तेव्हा नमस्कार राहू द्या.

तुमची करामत आधी सगळ्यांना कळू दे. जाहिरातीच्या आवाजात १८ ते २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात एक सांकेतिक शिट्टी मिसळायची. मोठ्या माणसांना ती बहुधा ऐकूच येत नाही. टीव्हीसमोर आजी मटार सोलत बसलेल्या असतात, सुनेचा मोबाइल सोफ्यावर पालथा पडलेला असतो. ब्रेक लागतो, साबणाची जाहिरात सुरू होते. आजींना फक्त गाणं ऐकू जातं, मोबाइलच्या मायक्रोफोनला गाण्याखालची शिट्टीही. कुठल्याशा ॲपमध्ये बसवलेला तुमचा कोड ती ओळखतो आणि या फोनसमोर अमुक जाहिरात अमुक वाजता लागली, ही खबर परस्पर तुमच्या सर्व्हरला पोहोचते. सुनेला पत्ता नाही, आजींना तर नाहीच नाही.

हा पट्टा तुम्ही उगाच निवडला नाहीत. खाली उतरलात तर शिट्टी माणसांना ऐकू येते. फार वर गेलात तर टीव्हीच्या स्पीकरला ती धड वाजवता येत नाही आणि फोनला धड टिपता येत नाही. यंत्राला कळेल पण माणसाला कळणार नाही, अशी नेमकी फट तुम्ही शोधून काढलीत. विचारलं तर लोक नाही म्हणतील, ही खात्री नसती तर एवढी यातायात कुणी केली असती? लहान मुलांचे कान तिखट असतात, कुत्र्यांचे त्याहून. म्हणजे घरात तुमची चाहूल लागलीच, तर ती तक्रार करता न येणाऱ्यांना.

एप्रिल २०१७ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत पंधरा सेकंदांची जाहिरात केली. तिच्यातल्या माणसाने ‘ओके गूगल’ म्हणताच घराघरांतली गूगल होम यंत्रं जागी होऊन बर्गरची माहिती सांगू लागली. लोक भडकले आणि काही तासांतच गूगलने ती जाहिरात निष्प्रभ केली. लोकांना ऐकू आलं, म्हणून ओरडता आलं. तुमच्याविरुद्ध कुणी काय ऐकून ओरडायचं?

परवानगी घेतली होती, असं तुम्ही म्हणाल. मायक्रोफोनची परवानगी मागितलीत, पण मायक्रोफोन लागतो कशाला हे सांगितलंत का? मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १२ ॲप बनवणाऱ्यांना ताकीदपत्रं धाडली, ती याच मुद्द्यावर. त्या ॲप्समध्ये कोड होता सिल्व्हरपुशचा, म्हणजे आपल्याच देशातल्या कंपनीचा. अमेरिकेतल्या टीव्ही कार्यक्रमांत आमचे संकेत नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. मग तिथल्या फोनांत कान कशासाठी पेरून ठेवले होते?

२०१५ च्या अखेरीस हा धंदा सोडला, असंही कंपनीने नंतर सांगितलं. पण जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठातल्या संशोधकांना २०१७ मध्ये तब्बल २३४ अँड्रॉइड ॲप्समध्ये तो कोड सापडला. त्यांनी तपासलेल्या टीव्ही प्रसारणांत संकेत मात्र आढळले नाहीत. हे सांगायलाच हवं, कारण मला तुमच्यावर खोटा आळ घ्यायचा नाही, खऱ्यानेच पुरेसं होतं. धंदा सोडलात, पण लोकांच्या खिशातले कान तसेच सोडून गेलात. उद्या दुसऱ्या कुणी शिट्टी वाजवली तर?

आणि प्रश्न साबणापुरता नाही. ओळख लपवण्यासाठी टॉर ब्राउझर वापरणारा माणूसही या शिट्टीने पकडता येतो, हे सुरक्षा संशोधकांनी २०१६ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवलं. वेबपेज कॉम्प्युटरच्या स्पीकरवर शिट्टी वाजवतं, शेजारी ठेवलेला त्याचाच फोन ती ऐकून चुगली करतो. सरकारी भानगड बाहेर काढणाऱ्या एखाद्या पत्रकाराच्या टेबलावर असा फोन पडलेला असेल, याचा विचार कोड लिहिताना तुमच्यापैकी एकाच्या तरी मनात आला होता का?

माझ्या मागण्या दोनच. शिट्टी वाजवायचीच असेल तर माणसांना ऐकू येईल अशा पट्टीत वाजवा, प्रत्येक जाहिरातीत, प्रत्येक वेळी. आणि ज्या ज्या ॲप्समध्ये तुमचा कोड गेला, त्यांची नावं मराठीसह लोकांना वाचता येतील त्या सगळ्या भाषांत जाहीर करा. ती ॲप्स काढून टाकायचं काम आमचं आम्ही करू.

एक प्रेक्षक