रिलीज क्लीन पाहिजे

पारंपरिक तिरंदाजीच्या मैदानावर हे गृहस्थ भेटतातच. बाकीचे बाण मारत असतात आणि हे हातमोजा निवडत असतात. पोरं त्यांना पाठीमागे ‘आचार्य’ म्हणतात. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला. हे समोर येईल त्याची तीन बोटं मागतात. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका. “आण इकडे,” म्हणत हात ओढून घेतात, बोटांच्या शेंड्याला दोरा गुंडाळून माप घेतात आणि धनुष्याची दोरी कुठे बसते ते नखाने दाबून दाखवतात. “चामडं जाड झालं तर दोरी कळत नाही, पातळ झालं तर बोट सोलून निघतं. रिलीज क्लीन पाहिजे!” म्हणजे दोरी बोटांवरून न अडता सुटली पाहिजे.

हे वाक्य मैदानावरच राहिलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण लग्नात आहेराचं पाकीट देऊन पंगतीआधीच सटकणारा पाहुणा दिसला, की आचार्य मान डोलावतात, “रिलीज क्लीन आहे.” शेजाऱ्याने राजीनामा चार पानी लिहिला, तेव्हा तो वाचून परत करताना एवढंच म्हणाले, “रिलीज क्लीन नाही.” स्वारगेटला बस थांबायच्या आत उतरून पुढच्या पावलाला धडपडलेल्या तरुणालाही, त्याला सावरायच्या आधी, हेच ऐकावं लागलं. स्वतः मात्र बँकेतून निवृत्त झाल्यावरही रोज दुपारी शाखेत चक्कर मारून येतात.

त्यांच्या कपाटाचा एक खण निव्वळ मोज्यांचा. गाईच्या कातड्याचा टिकाऊ पण ताठ, हरणाच्या कातड्याचा मऊ पण लवकर दबणारा, आणि घोड्याच्या पुठ्ठ्यावरच्या कातड्याचा, म्हणजे कार्डोव्हनचा, गुळगुळीत आणि खिसा रिकामा करणारा. प्रत्येकाला तीन टोप्या आणि मनगटाला पट्टा. टोपी सैल असली तर बोटावर फिरते, घट्ट असली तर बोट बधिर होतं. नेमकी बसणारी सापडली, की वापरून वापरून तिच्यावर दोरीची चर पडते, चर खोल झाली की दोरी तिथे अडते, आणि मग... पुढचं वाक्य वाचकांना पाठ झालंच असेल.

रॉजर अ‍ॅशमने इंग्रजीत तिरंदाजीवर ‘टॉक्सोफिलस’ हा ग्रंथ लिहिला 1545 साली. त्यातही हातमोज्याची चर्चा आहे, हे आचार्य पाहुण्याला चहाआधी सांगतात. त्याच वर्षी इंग्लंडची ‘मेरी रोझ’ ही युद्धनौका बुडाली. तिच्यातून वर काढलेली बरीचशी धनुष्यं ओढायला शंभर पौंडांहून जास्त जोर लागत असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आचार्यांचं धनुष्य पंचवीस पौंडी. मोजे मात्र ते ‘मेरी रोझ’च्या हिशोबानेच बघतात.

एकदा ते थेट कोल्हापूरला जाऊन पोचले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चपलेचं चामडं बोटाला का चालणार नाही, हा त्यांचा सवाल. कारागिराने तीन बोटांचा नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “सायेब, जोड करून देतो. चालून तरी हुईल.” मोजा शेवटी झाला, पण इतका कडक की त्यात बोट वाकेना. तोही त्या खणात आहे.

खंडेनवमीला धनुष्याशेजारी मोजाही पूजेला मांडला जातो. “चामडं देवाजवळ?” असं घरून दरवर्षी विचारलं जातं. विश्वामित्रांबरोबर निघालेल्या राम-लक्ष्मणांच्या हातात घोरपडीच्या कातड्याची अंगुलित्राणं होती, हे उत्तरही दरवर्षीचंच. घोरपड आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे म्हणून बरं, नाहीतर खण अपुरा पडला असता.

2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड तिरंदाजीचे जगज्जेते झाले. अख्ख्या मैदानाने पेढे खाल्ले. आचार्यांनीही खाल्ला, पण तोंड जरा वाकडंच. कंपाउंडमध्ये दोरी बोटांनी सोडत नाहीत, त्याला यंत्र असतं. त्यामुळे रिलीज क्लीन होणारच, त्यात कौतुक कसलं!

एवढा वैताग देणाऱ्या माणसाबद्दल बरं लिहायचं जिवावर येतं. पण एक गोष्ट लपवून ठेवणं अन्यायाचं होईल. चामड्याचा पोत ते नेहमी अनामिकेने तपासतात. शाळेत असताना ते बांबूचं धनुष्य उघड्या बोटांनी ओढायचे. मोजा नावाची वस्तू असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मधल्या बोटाचा शेंडा तेव्हापासून बधिर आहे. हे त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, घरच्यांकडून कळलं. मैदानावर नवं पोर फोड घेऊन आलं, की प्रशिक्षक त्याला आचार्यांकडेच पाठवतात, आणि पुढच्या रविवारी त्या पोराच्या हातात मापाचा कोरा मोजा असतो. पैशांचा विषय काढला की आचार्य दुसरीकडे बघतात.

तेव्हा तिरंदाजी शिकायची असेल तर दुकानात जाण्याआधी त्यांना गाठा. हाताशी निदान दोन तास ठेवा आणि नखं कापून जा. वाढलेल्या नखांवर ते माप घेत नाहीत.