आडव्या मारुतीला पायी

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री आमच्या शहरातली माणसं खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. अंतर पंचवीसेक किलोमीटर. माझी श्रद्धा मारुतीवर आहे, चालण्यावर नाही. ‘रोज फिरत जा’ असं डॉक्टर सांगतात तेव्हा मी मान हलवतो, तेवढाच माझा व्यायाम. पण मेहुणा म्हणाला, “दाजी, नुसतं गप्पा मारत चला, आलंच समजा.” सासुरवाडीला नाही म्हणायची छाती अजून झालेली नाही.

छावणी, पडेगाव, मिटमिट्यापर्यंत मीच बोलत होतो. शरणापूर फाट्यापासून उजवा बूट बोलू लागला. आधी नुसतं चप-चप. मग तळवा पुढून सुटला आणि पावलागणिक जबडा वासून रस्त्यावरची खडी गोळा करू लागला. मी पाय उचलायचो, तळवा मागे राहायचा. मी थांबायचो, तो मागून येऊन टाळी वाजवायचा. पोरं त्या ठेक्यावर ‘बजरंगबली की जय’ म्हणू लागली.

दौलताबादेत किल्ल्याच्या दिल्ली दरवाजातून दुचाक्या, जीपा आणि भक्त एकदमच आत शिरत होते. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकानं दिल्लीकरांना इथवर आणलं म्हणून इतिहास त्याला वेडा म्हणतो. त्यालाही कुणी मेहुण्यानंच भरीला घातलं असणार.

“आता घाट चढला की आलंच, दाजी!”

घाटात भोंग्यांचा कहर. मारुतीला उठवायचा कट शिजल्यासारखा आवाज. देवाच्या नावानं एवढं किंचाळायची गरज काय, हे मला कधीच कळलेलं नाही.

पुढं एका मांडवात चहा-केळी वाटत होते. वाटणाऱ्यांतले एक आजोबा माझ्यासमोर खाली बसले. काही न विचारता त्यांनी चिखलानं भरलेला माझा पाय स्वतःच्या गुडघ्यावर घेतला, सुतळीचे चार वेढे बुटाभोवती मारले, गाठ दातानं ओढली. मी पाय मागं घेऊ लागलो, तर म्हणाले, “राहू द्या, माउली.” मला काहीच बोलता आलं नाही.

पहाटे रांगेतून गाभाऱ्याशी पोचलो, तर मारुती शेंदूर लेवून चक्क आडवा! भद्रसेन राजाच्या रामभजनात रंगून तो इथं भावसमाधीत पहुडला, अशी कथा आहे. निजलेला मारुती प्रयागराजला आहे, मध्य प्रदेशात जामसावळीला आहे. पण इतका हेवा मला कुठल्याच देवाचा वाटलेला नाही.

मुळात हे गावच आडवं होणाऱ्यांचं. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब इथं विसावले, १६२६ मध्ये मलिक अंबर, १७४८ मध्ये पहिला निजाम. औरंगजेब १७०७ मध्ये वारला अहमदनगरला. दफन मात्र इथं, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात. उघड्या आकाशाखालच्या कबरीवर सब्जाचं रोप. ते मी दुसऱ्या खेपेला, गाडीनं येऊन पाहिलं.

वेरूळची लेणी तिथून जवळच. मंगळवारी ती बंद असतात, तेवढा वार टाळा. आणि कुणी ‘आलंच’ म्हणालं, तर आधी एसटीचा थांबा विचारून घ्या.