डग्गा कुठे गेला?

महाग वस्तू घेताना आपल्याकडे दुकानदाराला एक प्रश्न हमखास विचारला जातो: ‘‘यावर पुढे अजून काही खर्च नाही ना?’’ मिक्सर घेताना विचारतात, गाडी घेताना विचारतात, पोराला क्लास लावतानाही विचारतात. हेडफोन घेताना मात्र तो कोणाला सुचत नाही. कानाला लावायच्या वस्तूला आणखी काय लागणार? दोन कान तर घरचेच आहेत! आणि नेमका इथेच घात होतो. एखादा वीस हजारांच्या वरचा हेडफोन घरात पाऊल ठेवतो आणि ॲम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, मागतो.

माझ्या जुन्या हेडफोनच्या गाद्यांचे पोपडे निघायला लागले होते. कानांवर, कॉलरवर, उशीवर काळे कण. कलपाचा रंग उतरतोय की काय, अशी शंका ऑफिसात दोघांनी सभ्य शब्दांत बोलून दाखवली, तेव्हा नवा घेणं भाग पडलं. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा भाचा लगेच सल्लागार म्हणून रुजू झाला. त्याच्याकडे झेनहायझरचा एचडी ६०० आहे. १९९७ पासून जाणकारांच्या गोटात या हेडफोनला मोठा मान आहे, आणि तो रास्त आहे. गायकाचा आवाज नटवून-सजवून न आणता जसा आहे तसा समोर आणतो.

‘‘मामा, एकदाच घे पण चांगला घे.’’

‘‘आणि ॲम्प?’’

‘‘तो आपण नंतर घेऊ.’’

त्याच्या बोलण्यातला ‘आपण’ पैसे देताना माझ्या एकट्यापुरता उरतो, हा अनुभव जुना आहे. म्हणून म्हटलं, आधी परीक्षा. डबिंग स्टुडिओत काम करणाऱ्या एका मित्राकडून सोनीचा एमडीआर ७५०६ उसना आणला. हा १९९१ पासून जगभरच्या स्टुडिओंत खुंटीला लटकलेला असतो. किंमत भाच्याच्या हेडफोनच्या निम्म्याच्या आसपास, वायर जुन्या टेलिफोनसारखी गुंडाळलेली, रुबाब शून्य. परीक्षक म्हणून आईला बसवलं. तिचं वय ऐंशीच्या पुढे असलं, तरी मैफलीत कुठला तानपुरा उतरलाय ते ती अजून सांगते.

बऱ्याच फोनना हल्ली हेडफोनचं भोक नसतं. २०१६ मध्ये ॲपलने ते बुजवलं. आधी हसलेल्या बाकीच्या कंपन्यांनी मग आपापलं बुजवलं. तेव्हा चार्जिंगच्या भोकात खुपसायचा डोंगल आला. या बोटभर डोंगलच्या पोटात नखाएवढा ॲम्प असतोच. म्हणजे ‘ॲम्पशिवाय ऐकतो’ असं म्हणणारेसुद्धा खरं तर लहान ॲम्पवरच ऐकत असतात. मल्लिकार्जुन मन्सूरांच्या जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं, आवाज टोकाला नेला आणि एचडी ६०० आईच्या डोक्यावर चढवला.

‘‘छान आहे रे,’’ आई म्हणाली. ‘‘पण मला पार मागच्या रांगेत बसवलंत. आणि डग्गा कुठे गेला?’’

मग सोनी लावला.

‘‘हां. आला डग्गा.’’

‘‘आजी, तो हेडफोन बेस थोडा वाढवून देतो,’’ भाचा कळवळून म्हणाला.

‘‘देऊ दे की. तबलजीने वाजवलाय, मग ऐकायला नको?’’

यावर भाच्याने आकडेवारी काढली आणि मला ती हवीच होती. डोंगल साधारण एक व्होल्ट देतो. एचडी ६०० चा अवरोध ३०० ओहम, म्हणून त्यात जेमतेम तीन मिलिवॉट शक्ती उतरते. सोनीचा ६३ ओहम, त्यात सोळा उतरते. शिवाय एका मिलिवॉटवर पहिला ९७ डेसिबल आवाज काढतो, तर दुसरा १०६. सगळी बेरीज-वजाबाकी केली की त्याच फोनवर, त्याच टोकावर, दोघांत सोळा डेसिबलचं अंतर पडतं. कानाच्या हिशेबात जवळजवळ तिप्पट. ठोकून-ठाकून मोठ्या आवाजात तयार केलेल्या आजच्या फिल्मी गाण्यांना एचडी ६०० फोनवरही पुरतो. पण विलंबित ख्याल सुरू झाला, बुवा खर्जात शिरले, की फोनकडे द्यायला काही उरत नाही.

डग्ग्याचा पत्ताही यातच लागतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय, की आवाज लहान झाला की खर्जाकडचे सूर कानातून सगळ्यात आधी गळतात. डग्गा हेडफोनमध्येच होता; आईच्या कानापर्यंत पोचायला त्याला बळ नव्हतं. हीच गोष्ट उलटी फिरवली की दुकानातली युक्ती कळते. दोहोंतला जो जरा मोठ्याने वाजतो तोच गिऱ्हाइकाला ‘क्लिअर’ वाटतो.

‘‘म्हणूनच म्हणतो, ॲम्प घे,’’ भाचा म्हणाला. तो घेतलाही असता. पण भाच्याच्या खोलीत काय काय जमलंय ते मी पाहिलंय. ॲम्प आला तेव्हा त्याला साजेसा डॅक, म्हणजे डिजिटल फायलीचा ध्वनी करणारा डबा, लागला. डॅकला भारी फायली लागल्या, फायलींना सबस्क्रिप्शन. मग वायर बदलली. नवा हेडफोन आधी शेकडो तास नुसता वाजत ठेवावा लागतो, तेव्हा कुठे तो ‘मोकळा’ होतो, अशी या पंथाची श्रद्धा. त्यामुळे त्याच्या कपाटात रात्रंदिवस गाणं चालू आणि ऐकायला फक्त इस्त्रीचे शर्ट. सध्या त्याची तक्रार अशी, की खोलीतला पंखा फार वाजतो. पुढची पायरी मला दिसतेय: शांत सोसायटीत नवा फ्लॅट.

बरं, ओहमचा आकडा मोठा म्हणजे ॲम्प हवाच, हेही पूर्ण खरं नाही. १९२७ मध्ये मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं, त्या काळी क्रिस्टल सेटवर ऐकणाऱ्याकडे ॲम्प सोडा, बॅटरीसुद्धा नसायची. अँटेनाने हवेतून जी काय चिमूटभर शक्ती गोळा केली तेवढ्यावर हेडफोन वाजायचा, आणि त्याचा अवरोध हजारांत असायचा! उलट हायफायमॅनचा एचई-६ बघा. अवरोध अवघा ५० ओहम, पण एका मिलिवॉटवर ८४ डेसिबलसुद्धा नाही. त्याचे मालक त्याला थेट स्पीकरच्या ॲम्पला जोडतात. तेव्हा फोनवर ऐकणाऱ्याने ओहमइतकाच, किंबहुना जास्तच, संवेदनशीलतेचा, म्हणजे एका मिलिवॉटवर किती डेसिबल हा, आकडा बघावा. किंमत सगळ्यात शेवटी.

खोक्यावरचा तिसरा एक आकडा मात्र खुशाल सोडून द्या. ‘चाळीस हजार हर्ट्‌झपर्यंत’ असं अभिमानाने छापलेलं असतं. माणसाचा तरुण कान वीस हजारांपर्यंत ऐकतो आणि पुढे दर दशकागणिक खाली घसरतो. वरचे वीस हजार सोसायटीतल्या कुत्र्यासाठी. केसरबाई केरकरांच्या ७८ च्या तबकडीत, जिचं गाणं १९७७ मध्ये व्हॉयेजरबरोबर अंतराळात गेलं, त्यातलं काहीच नाही. ती तबकडी मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांना अगदी तेच ऐकू येतं. हिशेबी माणसाला एका बाजूचे पैसे परत मागावेसे वाटतील.

आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एचडी ६०० सारखे हेडफोन पाठीमागून उघडे असतात. आवाज मोकळा वाटतो तो त्यामुळेच. पण तो दोन्ही दिशांना मोकळा. भाचा तराणा ऐकत असतो तेव्हा कुकरची तिसरी शिट्टी थेट समेवर येते आणि शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या त्याच्या बहिणीला सगळा तराणा पाठ होतो. लोकलमध्ये किंवा पीएमपीत असला हेडफोन घालून बसणं म्हणजे सहप्रवाशांना फुकट मैफल देऊन स्वतः कंडक्टर ऐकणं.

मी शेवटी बंद कपांचा, चार-पाच हजारांतला घेतला. एचडी ६०० त्याहून सरस आहे यात वाद नाही. चांगल्या ॲम्पवर भाच्याकडे ऐकतो तेव्हा मन्सूरांचा श्वाससुद्धा दिसतो. ज्याच्याकडे ॲम्प आहे, किंवा येत्या दिवाळीला नक्की येणार आहे, त्याने खुशाल तो घ्यावा. पण ‘ॲम्प पुढेमागे बघू’ म्हणणाऱ्याने फोनवर सहज वाजणाऱ्या जातीचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत सवाई गंधर्व महोत्सवाचं सीझन तिकीट काढावं. तिथे डग्गा फुकट ऐकू येतो.

पुण्याच्या तपकीर गल्लीत जा नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, ऐकून घ्या ते आपल्याच फोनवर आणि आपल्याच डोंगलवर. दुकानदाराच्या मशीनवर सगळेच हेडफोन चांगले वाजतात. दोघांचा आवाज कानाने सारखा करून मगच तुलना करा. आणि वाचायचा चष्मा बरोबर न्या. ओहम आणि डेसिबल खोक्याच्या मागे, तळाशी, फार बारीक अक्षरांत छापलेले असतात.