पथ्य उद्याच्या माणसाचं

गेल्या आषाढात माझा एचबीएवनसी ६.२ आला. ही तपासणी फार चोंबडी. उपाशीपोटीची साखर आदल्या रात्री मुगाची खिचडी खाऊन थोडीफार फसवता येते, हिला नाही. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तोवर चिकटलेली साखर अंगावर वागवते. त्यामुळे मागच्या तीन महिन्यांतली प्रत्येक जिलबी त्या आकड्यात हजेरी लावून जाते. "५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा," डॉक्टर म्हणाले. "आत येऊ नका."

मी तिथल्या तिथे ठरवलं, श्रावणापासून गोड बंद, तळलेलं बंद. श्रावणाला अकरा दिवस होते. लोक मटणाची गटारी करतात, मी बासुंदीची केली. एकदा पुढचा महिना कडक पाळायचाच आहे म्हटल्यावर आजच्या वाटीचा हिशेब कोण ठेवतो!

याला जबाबदार आहे तो उद्याचा मी. गृहस्थ फार सज्जन आहे. पाचला उठतो, तळजाईच्या टेकडीवर चार फेऱ्या मारतो, बिनसाखरेचा चहा घेतो आणि दुपारी मुगाच्या उसळीबरोबर एकच भाकरी खातो. मी त्याला इतका मानतो की पथ्याची सगळी कामं त्याच्यावरच टाकतो. पण पाचचा गजर झाला की त्याच्या पांघरुणातून दरवेळी मीच निघतो.

माझी भाची मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं की हा काही आमच्या घराण्याचा खास गुण नव्हे. १९९८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आम्स्टरडॅममधल्या नोकरदारांना विचारलं होतं, पुढच्या आठवड्यात मधल्या वेळी काय खाल? बऱ्याच जणांनी फळं सांगितली. प्रत्यक्ष खाण्याची वेळ आली तेव्हा त्यांतल्या अनेकांचे हात चॉकलेटकडे वळले.

"मामा, तुझा उद्याचा माणूस फार पुसट आहे," ती म्हणाली. "त्याला नीट बघ. कुठे उभाय, बरोबर कोण आहे, कसला वास येतोय." अमेरिकेत बफेलोच्या विद्यापीठात लेनर्ड एपस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वजन जास्त असलेल्या बायकांवर हे करून पाहिलं होतं. २०१३ साली ते छापून आलं. काही जणींना आपल्याच आयुष्यातले पुढचे आनंदाचे प्रसंग बारकाव्यांसह डोळ्यांपुढे आणायला सांगितले, तर काही जणींना दुसऱ्या कुणाच्या प्रवासवर्णनात रमवलं. मग पुढ्यात खाणं ठेवलं. स्वतःचा उद्या पाहणाऱ्यांनी कमी खाल्लं. प्रवासवर्णनवाल्यांनी जास्त खाल्लं, हे मला ऐकताक्षणी पटलं.

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीसमोर मी डोळे मिटले. भाचीचं लग्न, मार्गशीर्ष. मी फेटा बांधलाय, जुन्या शेरवानीचं बटण पोटावर आपसूक लागतंय, सनई चालू आहे. इथवर छान. मग पंगत बसली. मसालेभातावर तूप आलं, मठ्ठा आला आणि जिलब्यांचं ताट घेऊन व्याही आग्रहाला वाकले. डोळे उघडले तेव्हा मला आधीपेक्षा दुप्पट भूक लागली होती.

दुसरा प्रसंग घेतला. निवृत्ती, कोकण, सकाळचं अंगण. अंगणात फणस फुटला होता आणि आत मोदकांना उकड काढणं चाललं होतं. तिसरा घेतला तर बारशाच्या घुगऱ्या. बफेलोच्या मंडळींनी मराठी माणूस तपासला नसावा. आमचं पंचांग नुसतं चाळलं तरी तोंडाला पाणी सुटतं. अगदी शेवटपर्यंत जाऊन पाहिलं, तर दहाव्याला घाटावर कावळा शिवेना आणि मेहुणा म्हणत होता, "पिंडाशेजारी बटाटेवडा ठेवा, लगेच शिवेल."

वडेवाला झारा धरून माझ्याकडे बघत होता. कढईतून नुकताच घाणा निघाला होता. बेसनाच्या कडांना बारीक कुरकुरीत शेपट्या सुटल्या होत्या आणि तळलेल्या मिरचीवर मीठ अजून चकाकत होतं.

मी नेटाने चौथा प्रसंग काढला. वय सत्तर. सिंहगड पायथ्यापासून चढतोय, न थांबता. भाचीचं पोर पुढे पळतंय आणि "आजोबा, लवकर या!" म्हणून ओरडतंय. गुडघे कुरकुरत नाहीत, श्वास लागत नाही, मानेवर गार वारा येतोय. खरंच बरं वाटलं. पण शेवटचं वळण आलं, पुणे दरवाजा दिसला आणि धोका माझ्या लक्षात आला. आत पाऊल टाकलं की कांदाभजी, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही!

"काका, देऊ ना नेहमीचे दोन?"

"एक मिनिट थांब," मी डोळे न उघडता म्हणालो. "मी दरवाज्याबाहेर उभा आहे."

त्याने काही विचारलं नाही. गाडीवर तऱ्हेतऱ्हेची गिऱ्हाइकं येतात.

"एकच दे," मी शेवटी म्हणालो.

"दुसरा बांधून देऊ? उद्या खाल."

"तो उद्याचा माणूस वडा खात नाही रे," मी म्हणालो. "आणि तोवर पुडी माझ्याच हातात राहणार."