विषाणूला प्रवेशबंदी

कारागृहातला एचआयव्ही-प्रतिबंध एका भक्कम गृहीतकावर उभा आहे : आत शरीरसंबंध होत नाहीत, कारण नियमांत तशी सोयच नाही, आणि सुई आत जात नाही, कारण गेटवर झडती होते. विषाणूने कारागृह नियमावली वाचली असती तर पुढचे काहीच लिहावे लागले नसते.

उमरी ठाण्याच्या हद्दीत पकडलेला इसम न्यायालयीन कोठडी मिळाली की नांदेडच्या जिल्हा कारागृहाच्या वाटेला लागतो. बाहेर असताना निरोध त्याला सरकारी दवाखान्यात फुकट मिळे. मेडिकलवर विकतही मिळे. दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळून, गल्ल्याकडे बघत पुडी सरकवी. गेटवर पट्टा, मोबाइल आणि तंबाखूसोबत हा हक्कही काढून ठेवावा लागतो. मोबाइलची निदान नोंद तरी होते.

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 2019 च्या पाहणीत मध्यवर्ती कारागृहांतील बंद्यांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 2 टक्के आढळले. देशातल्या प्रौढांत ते 0.22 टक्के होते. अनेकजण संसर्ग बाहेरूनच घेऊन येतात, हे प्रशासनाचे म्हणणे खोटे नाही. आत आल्यावर तो पसरू नये म्हणून तपासणी आहे, समुपदेशन आहे, विषाणू दाबणाऱ्या एआरटीच्या गोळ्या आहेत, भिंतीवर पोस्टरही आहे. नियमित गोळ्यांनी रक्तातला विषाणू इतका घटतो की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही. ही व्यवस्था मोलाचीच. नाही तो फक्त कंडोम. पोस्टरवर त्याचे चित्र असले तरी हरकत नसते.

हा वाद जुना आहे. 1994 मध्ये तिहारमध्ये कंडोम द्यावेत अशी सूचना आली. त्याने समलैंगिकतेला उत्तेजन मिळेल, असे म्हणत महानिरीक्षक किरण बेदी यांनी ती फेटाळली. त्याविरुद्ध एड्स भेदभाव विरोधी आंदोलन ही संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेली. याचिका 2001 मध्ये निकालात निघाली, सूचना तशीच राहिली. त्याच 1994 मध्ये स्वित्झर्लंडच्या हिंडेलबँक महिला कारागृहात निर्जंतुक सिरिंजची यंत्रे बसली. नशा वाढली नाही, सुयांची उसनवारी घटली. स्विस संस्कृती बुडाल्याचेही ऐकिवात नाही.

इकडे समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 ची प्रशासनाची ढाल 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतली. चारच दिवसांनी, 10 सप्टेंबरला, एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्याचे कलम 22 संसर्ग टाळण्याच्या साधनांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर ठेवते; कलम 31 राज्याच्या ताब्यातील प्रत्येकाला प्रतिबंध, समुपदेशन, तपासणी आणि उपचार यांचा हक्क देते. तपासणीलाही संमती लागते. बराकीपुढची रांग म्हणजे संमती नव्हे.

कलम 31 शिक्षा झालेल्यांपुरते नाही, कच्च्या कैद्यालाही लागू आहे. देशातल्या दर चार बंद्यांपैकी सुमारे तीन कच्चेच असतात. तेव्हा वकील मंडळींनी जामिनाच्या अर्जासोबत या कलमाचाही एखादा अर्ज टाकून पाहावा. त्याला जामीनदार लागत नाही.